दहा सेकंदांचं मौन

रात्रीचा दीड वाजलेला असतो. सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या नॅगिओसच्या पडद्यावर एक ओळ लाल होते: सॉकेट टाइमआउट, १० सेकंद. हिंजवडीत किंवा ऐरोलीत रात्रपाळीला बसलेला अभियंता तिकीट उघडतो आणि लिहितो, ‘सर्व्हर डाऊन’. वास्तविक घडलेलं एवढंच असतं, की ५६६६ क्रमांकाच्या पोर्टवर एक प्रश्न गेला आणि दहा सेकंदांत त्याचं उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही इथपासून सर्व्हर पडला इथपर्यंतची उडी कशाच्या बळावर घेतली जाते? उत्तर न येणं हे ज्ञान आहे का, आणि असलंच तर नेमकं कशाचं?

हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे आणि भारतीय प्रमाणशास्त्रात त्यावर शतकानुशतकं वाद झडले. उदाहरण साधंच घेतलं जाई: जमिनीवर घट नाही, हे कळतं कसं? डोळ्यांना जमीन दिसते. घटाचं नसणं डोळ्यांसमोर येऊन उभं राहत नाही. सातव्या शतकाच्या सुमारास मीमांसक कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात अभावाला स्वतंत्र प्रकरण दिलं आणि अनुपलब्धी, म्हणजे वस्तूची जाणीव न होणं, हे सहावं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं. नैयायिकांना वेगळ्या प्रमाणाची गरज वाटली नाही. ज्या डोळ्यांनी जमीन दिसते त्याच डोळ्यांनी घटाचा अभावही कळतो, असं ते म्हणत. दुसरा मीमांसक प्रभाकर याच्या अनुयायांनी तर अभाव हा वेगळा पदार्थच नाकारला. नुसती जमीन दिसली, त्यापलीकडे काही नाही. रात्रपाळीच्या पडद्यासमोर प्रभाकराचा हा संयम पटतो. लॉगमध्ये नोंद असते ती नुसत्या दहा सेकंदांची. ‘डाऊन’ हा निष्कर्ष माणूस मागाहून जोडतो.

या वादातला सर्वांत मोलाचा विचार मात्र योग्यतेचा आहे. सतराव्या शतकात धर्मराज अध्वरींद्रांनी वेदान्तपरिभाषेत तो फार नेमकेपणाने मांडला. लख्ख उजेडात जमिनीवर घट दिसला नाही, तर घट नाही असं म्हणता येतं, कारण तो असता तर दिसलाच असता. अंधारात घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. धर्म-अधर्मासारख्या ज्या गोष्टी मुळात इंद्रियांना दिसण्याजोग्याच नाहीत, त्या दिसल्या नाहीत म्हणून नाहीत असंही ठरत नाही. म्हणजे न दिसण्याला प्रमाणाची किंमत येते ती ‘असतं तर दिसलं असतं’ हे आधी छातीठोकपणे सांगता आलं तरच.

हा निकष युनिक्सच्या एका नेहमीच्या तक्रारीला लावून पाहावा. डिस्क किती भरली हे तपासणारा चेक अचानक टाइमआउट होऊ लागतो. पहिला तर्क डिस्क भरल्याचा, दुसरा मशीन लटकल्याचा. अभियंता लॉगिन करतो, तर मशीन ठणठणीत. ‘डीएफ’ ही कमांड दिली की मात्र ती परतच येत नाही. प्रोसेसची यादी काढली की तिथे आधीची दहा-वीस ‘डीएफ’ रांगेने अडकलेली दिसतात, प्रत्येकीपुढे ‘डी’ हे अक्षर, म्हणजे न मोडता येणारी झोप. लिनक्स अशा प्रोसेसही लोडमध्ये मोजतं, त्यामुळे सीपीयू जवळजवळ रिकामा असताना लोड ॲव्हरेज चढत जातो आणि लोडचा वेगळा अलर्ट वाजू लागतो. जुन्या कर्नेलवर या प्रोसेस ‘किल -९’लाही दाद देत नाहीत.

मूळ दुखणं दुसरीकडेच असतं. या मशीनवर एक एनएफएस फोल्डर ‘हार्ड माउंट’ केलेला आहे आणि तो पुरवणारा सर्व्हर कुठेतरी दूर बंद पडला आहे. ‘डीएफ’ प्रत्येक माउंटला त्याची जागा विचारत जाते, त्या फोल्डरपाशी थबकते आणि वाट पाहत बसते. हार्ड माउंटचा करारच तसा आहे: उत्तर येईपर्यंत थांबायचं. ‘डीएफ -एल’ दिलं, म्हणजे फक्त स्थानिक डिस्कची चौकशी केली, तर उत्तर क्षणात येतं. इथे मौन होतं तिसऱ्याच यंत्राचं. ते लादलं गेलं पहिल्या यंत्राच्या नावावर, आणि नोंद झाली त्याच्या डिस्कच्या रकान्यात.

डेटाबेसच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण तिथे बोलणारा एक आणि काम करणारा दुसरा असतो. ओरॅकलमध्ये दारावर उभा असणारा लिसनर ही स्वतंत्र प्रोसेस आहे; ‘टीएनएसपिंग’ला उत्तर देतो तो तोच. आर्काइव्ह लॉगची जागा काठोकाठ भरली की डेटाबेस नवे बदल स्वीकारायचं थांबवतो, सामान्य वापरकर्त्यांची लॉगिनं अडकतात, पण लिसनर मात्र तत्परतेने उत्तर देत राहतो. पिंग हिरवं, लिसनर हिरवा, ग्राहकाचा व्यवहार ठप्प. मीमांसकांनी अर्थापत्तीसाठी दिलेलं देवदत्ताचं उदाहरण इथे चपखल बसतं: देवदत्त जिवंत आहे आणि घरी नाही, तेव्हा तो बाहेर असलाच पाहिजे. दारावरचा बोलतो आणि आतलं काम होत नाही, तर अडथळा दाराच्या आत मानावाच लागतो. चांगला डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, असाच विचार करतो, आणि आधी आर्काइव्हची जागा पाहतो.

नकार आणि मौन यांतला फरकही इथे फार महत्त्वाचा आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा निरोप आला की निदान समोरचं यंत्र, किंवा त्याच्या वतीने बोलणारं कोणीतरी, जागं असल्याचं कळतं. फायरवॉलने पॅकेट गुपचूप गिळलं तर मात्र काहीच कळत नाही. जुन्या कर्नेलवर लिनक्स तेव्हा नेहमीच्या मांडणीत सहा वेळा पुन्हा दार ठोठावतं आणि सुमारे १२७ सेकंदांनी हात टेकतं. आधीच जुळलेलं आणि निवांत पडून असलेलं कनेक्शन आतून तुटलं असेल, तर टीसीपीची कीपअलाइव्ह चौकशी, ती चालू ठेवलेली असलीच तर, सुरू व्हायला दोन तास लागतात. त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ चौकश्या होतात. दोन तास, ११ मिनिटं आणि १५ सेकंद एक मेलेलं कनेक्शन जिवंत म्हणून नांदू शकतं.

नॅगिओस ज्यांनी घडवलं त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यात तपासणीच्या चार अवस्था आहेत: ओके, वॉर्निंग, क्रिटिकल आणि अननोन. यंत्रांसाठी तर ‘डाऊन’हून वेगळी ‘अनरीचेबल’ अशीही अवस्था आहे. वाटेतला राउटरच पडला असेल तर त्यामागच्या यंत्रांबद्दल ‘पोहोचता येत नाही’ इतकंच म्हणायचं, पडली म्हणायचं नाही. अध्वरींद्रांचा अंधार इथे सॉफ्टवेअरच्या नियमात उतरला आहे. पण त्यासाठी कोणतं यंत्र कोणाच्या मागे आहे हे आधी बसून लिहून ठेवावं लागतं, आणि ते अनेकदा राहून जातं. शिवाय खुद्द तपासणीचीच वेळ संपली तर तिला काय म्हणायचं, याचं मूळ सेटिंग ‘क्रिटिकल’ आहे. ते बदलून ‘अननोन’ करता येतं. ते करावं. न कळलेल्या गोष्टीला न कळलेली म्हणणं हा ज्ञानाच्या व्यवहारातला प्राथमिक प्रामाणिकपणा आहे, आणि खोट्या लाल दिव्यांनी थकलेला माणूस खऱ्या लाल दिव्याकडेही मग डोळेझाक करू लागतो.

एवढी काळजी घेतली की प्रश्न सुटला असं मात्र होत नाही. १९८५ साली मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी गणिताने एक मर्यादा सिद्ध केली. निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याला वरची सीमाच नसेल, तर एक यंत्र जरी बंद पडण्याची शक्यता असली तरी सगळ्यांचं हमखास एकमत घडवणारी ठरीव पद्धत अस्तित्वात नाही. याच्या मुळाशी असलेली अडचण ओळखीची आहे: अशा जाळ्यात फार संथ यंत्र आणि मेलेलं यंत्र बाहेरून सारखंच दिसतं. घटाच्या उदाहरणात उजेड आहे की नाही हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं. जाळ्यात उजेडाचीच खात्री नाही. योग्यतेचा निकष खरा, पण तो पुरा झाला हे ठरवायला दुसरी तपासणी हवी, आणि तिलाही टाइमआउट असतोच. १९९६ मध्ये तुषार चंद्र आणि सॅम टूएग यांनी वाट दाखवली ती ही मर्यादा मान्य करूनच. त्यांचे दोषशोधक चुकू शकतात. ते यंत्राला मेलेलं ठरवत नाहीत, फक्त संशयित ठरवतात, आणि संशय मागेही घेतात.

बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने हाच विवेक केला होता. दिसण्याजोगी वस्तू दिसली नाही तर अभाव सिद्ध होतो. पिशाचासारखी स्वभावतःच न दिसणारी वस्तू दिसली नाही, तर उरतो तो केवळ संशय. पण त्याने एक पाऊल पुढे टाकलं, आणि ते कामाचं आहे. अशा अनुपलब्धीने वस्तू नाही असं सिद्ध होत नसलं, तरी ती आहे असं धरून वागण्यापासून मात्र थांबता येतं. उत्तर न देणाऱ्या सर्व्हरकडे नवे ग्राहक पाठवणं थांबवायचं असेल, तर संशय पुरेसा आहे. चूक ठरली तर दोन मिनिटांत तो पुन्हा रांगेत घेता येतो. त्याच्या जागी दुसऱ्या डेटाबेसला मुख्य नेमायचं असेल, तर तेवढा संशय पुरत नाही. तिथे ‘तो नाही’ असं धरून काहीतरी न पुसता येणारं केलं जातं.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेच्या बाबतीत हेच घडलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक ऑप्टिकल उपकरण बदलताना त्यांचं नेटवर्क केंद्र आणि मुख्य डेटा सेंटर यांच्यातला दुवा ४३ सेकंद तुटला. डेटाबेस धडधाकट होते. पण त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या ऑर्केस्ट्रेटरच्या, त्या डेटा सेंटरबाहेर उरलेल्या नोड्सचं आपसात बहुमत झालं आणि त्यांनी लेखनाचा अधिकार पश्चिम किनाऱ्याकडे सोपवला. दुवा परत आला तेव्हा पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे मग जवळपास ४० मिनिटं नव्या नोंदी साचत गेल्या. ऑर्केस्ट्रेटर चुकलं नव्हतं, नेमून दिलेल्या नियमाप्रमाणेच ते वागलं. बहुमताने त्या नोड्सना एकमत मिळालं. पूर्वेचे डेटाबेस गेले आहेत हे ज्ञान त्यातून मिळणार नव्हतं. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली, कारण गिटहबने वेगापेक्षा नोंदींची शुद्धता महत्त्वाची मानली. हा निर्णय योग्य होता.

त्यांच्या सर्वांत गजबजलेल्या क्लस्टरपैकी एकात अशा अधांतरी राहिलेल्या ९५४ नोंदी निघाल्या. त्यांतल्या कोणत्या आपोआप जुळवता येतील आणि कोणत्यांसाठी वापरकर्त्यांनाच विचारावं लागेल, याची छाननी नंतर लॉग वाचून करावी लागली. प्रदेशाची सीमा ओलांडून ऑर्केस्ट्रेटरने मुख्य डेटाबेस बदलू नये, अशी मांडणी करायचंही त्यांनी ठरवलं. पुन्हा असा दुवा तुटला तर त्या किनाऱ्यावरचं लेखन थोडा वेळ थांबेल, आणि नोंदी एकाच जागी राहतील.