नकळत घडले म्हणून

पापनिवेदनासाठी येणाऱ्या माणसांच्या तोंडी एक शब्द वारंवार येतो: ‘नकळत’. नकळत शब्द गेला, नकळत कुणाचे मन दुखावले, नकळत वेळ टळून गेली. पंचवीसहून अधिक वर्षे हा शब्द ऐकता ऐकता कान सरावून गेले आहेत. बहुतेक वेळा तो खराही असतो. परंतु त्या एका शब्दाच्या पोटात किती निरनिराळ्या गोष्टी दडून बसलेल्या असतात, याचा विचार सेमिनरीतील वर्गापेक्षा मला एका मिठागराच्या बांधावर अधिक करावा लागला. ती हकिगत आज वाचकांपुढे मांडावयाची आहे. तीत कबुलीचा अंश आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

आमच्या वसईच्या दक्षिणेस खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पश्चिमेस समुद्र. उल्हास नदी समुद्राला भेटण्याआधी जी रुंदावते ती आमची खाडी. नायगाव आणि भाईंदर यांच्या दरम्यान रेल्वेचा पूल ज्या बेटावरून जातो ते पाणजू. केळीच्या बागा, माड, विहिरी आणि पांढरीशुभ्र मंदिरे हे वसईचे रूप पाहुण्यांच्या परिचयाचे असते. मिठागरे मात्र ते गाडीच्या खिडकीतून पाहतात आणि ओसाड जमीन समजून नजर काढून घेतात. मला स्वतःला हा प्रदेश तरुणपणापासून प्रिय आहे. तिवरांची पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळे, चिखलावर टुणटुण उड्या मारणारे निवटे, एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले ते गमतीदार खेकडे, विजेच्या तारेवर ध्यान लावून बसलेला खंड्या, लांब तांबड्या पायांवर तोल सावरीत चालणारा शेकाट्या आणि कुणीही दिसले की सगळ्या गावाला सावध करणारी टिटवी. हिवाळ्यात यांच्या जोडीला परदेशचे पाहुणे येतात. तुतवार, चिखल्या, आणि मुठीत मावेल एवढा छोटा टिलवा.

वसई धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, सहायक धर्मगुरू असताना, मी धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांची मिठागराची सहल सुरू केली. पुढे बदल्या होत राहिल्या, तरी खाडीकाठ फारसा सुटला नाही आणि सहलही सुटली नाही. रविवारची मिस्सा आटोपली की तीस-चाळीस मुले, त्यांचे डबे, कुणाच्या तरी आजीने आठवणीने दिलेली सुकेळी आणि एक जुनी दुर्बीण, असा आमचा काफिला निघे. बांधावर पोहोचलो की मुलांना रांगेत उभे करावयाचे, बोटाने समोरचा थवा दाखवावयाचा, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून सर्वांनी मिळून टाळी वाजवावयाची. हजारेक पक्षी एकदम उठत. वळताना सगळा थवा क्षणभर काळा दिसे आणि दुसऱ्या क्षणी चांदीसारखा लखलखे. मुले आनंदाने किंचाळत. पक्षी आपल्या टाळीला टाळी देतात, असे मी मुलांना सांगत असे. ते वाक्य आठवले की आजही मला संकोच वाटतो.

२०१७ च्या फेब्रुवारीतील एक रविवार होता. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, खाडी तुडुंब भरली होती. पहिली टाळी झाली, थवा उठला आणि एक फेरी मारून पुन्हा त्याच कोंडीत उतरला. मुलांनी ‘पुन्हा, पुन्हा’ चा धोशा लावला. दुसरी टाळी झाली. तिसरीसाठी हात वर गेले तेव्हा जवळच मीठ ओढीत असलेले एक वयस्क आगरी गृहस्थ काम थांबवून माझ्यापाशी आले. वर्षानुवर्षे मी त्यांना पाहत होतो, लांबून नमस्कारही होत असे. ते अगदी हळू आवाजात, मुलांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, “फादर, राग नका मानू. पाणी उतरेपर्यंत तरी बसू द्या त्यांना. त्यांचं ताट पाण्याखाली गेलंय.”

मला प्रथम काही उमगले नाही. मग त्या काकांनी जे समजावले ते इतके साधे होते की, मान खाली घालावी. हे पक्षी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात चोच खुपसून जगतात. त्यांचा दिवस सूर्याने ठरत नाही, भरती-ओहोटीने ठरतो. रात्री पाणी उतरले तर ते रात्रीही खातात. भरती आली की चिखल बुडतो, अन्न बुडते, आणि उथळ कोंड्यांत, बांधांवर एकत्र जमून पाणी ओसरण्याची वाट पाहत बसणे एवढेच त्यांच्या हाती उरते. तीच त्यांची विश्रांती. त्यात फेब्रुवारी-मार्च म्हणजे परतीच्या प्रवासाची तयारी. छोट्या टिलव्याचे वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, आणि त्याचे घरटे उत्तर ध्रुवाकडील टुंड्रात. अंगावर चरबी साठली तरच ती मजल. त्याच्या दूरच्या नात्यातल्या, पट्टेरी शेपटीच्या गॉडविट जातीच्या एका पक्ष्याने २०२२ साली अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटरचे अंतर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता कापल्याची नोंद आहे. अशा प्रवासापूर्वी या पक्ष्यांची पचनेंद्रियेसुद्धा आक्रसतात आणि ती जागा चरबी घेते. इतक्या काटकसरीने बांधलेल्या देहाकडून आम्ही दर टाळीला थोडे थोडे इंधन जाळून घेत होतो. अठरा हिवाळे.

आता ‘नकळत’ या शब्दाकडे वळतो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना अज्ञानाचे प्रकार आम्ही पाठ केले होते. एक अज्ञान असे की, जे माणसाला शक्य ते सर्व करूनही दूर होत नाही. त्याचा दोष त्याच्या माथी येत नाही. दुसरे असे की, थोड्या प्रयत्नाने ते दूर झाले असते. आणि तिसरे सर्वांत वाईट, ते माणूस मुद्दाम जोपासतो, कारण कळले तर वागणूक बदलावी लागेल. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ मध्ये या प्रश्नाची चिकित्सा करताना बाण सोडणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले आहे. वाटेने कुणी येत आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि बाण वाटसरूला लागून तो मरतो. परंतु या उदाहरणात एक अट आहे, ती विद्यार्थिदशेत माझ्या नजरेतून निसटली होती: त्या माणसाने योग्य ती खबरदारी आधी घेतलेली असली पाहिजे.

मी कोणती खबरदारी घेतली होती? येथे मला स्वतःविषयी जे आढळले ते प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हे गणित मला लहानपणापासून येत होते आणि सहलीची तारीख मी त्यावरूनच ठरवीत असे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा रविवार धरावयाचा, म्हणजे मिस्सा आटोपून पोहोचेपर्यंत खाडी भरलेली आणि पक्षी मिठागरात अगदी जवळ. म्हणजे पक्षी केव्हा जवळ असतात हे मी काळजीपूर्वक शोधून काढले होते. ते जवळ का असतात, हे अठरा वर्षांत एकदाही विचारले नव्हते. ज्ञानाचा जेवढा भाग माझ्या सोयीचा होता तेवढा मी उचलला, आणि त्याला लागूनच असलेला दुसरा अर्धा तसाच राहू दिला. याला मी ‘नकळत’ म्हणू शकतो का?

विचारावयाचे तर कुणाला, असेही म्हणण्याची सोय नाही. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक, जे प्रथम १९४१ साली निघाले, त्याची एक प्रत माझ्या कपाटात होती. त्यातून मी नावे तेवढी पाठ केली, कारण मुलांपुढे नावे सांगितली की विद्वत्ता दिसते. आणि ज्यांना सर्व ठाऊक होते ते काका माझ्यापासून शंभर पावलांवर, घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभे होते. त्यांना आपण काही विचारावे, हे माझ्या मनाला शिवले नाही. शिकवणारा मी आणि मीठ ओढणारे ते, अशी वाटणी मनात कुठेतरी झालेली होती. पक्ष्यांविषयीच्या माझ्या अपराधापेक्षा हा अपराध मला अधिक टोचतो.

आणखी एक गोष्ट. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक जीवाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मूल्य आहे, या त्यातील विचारावर मी सलग तीन रविवार प्रवचने दिली. लोकांनी वाखाणली. त्यानंतरच्या दोन्ही हिवाळ्यांत टाळ्या वाजवल्या. असो.

ही हकिगत मी एका धर्मगुरूमित्राला सांगितली, तेव्हा ते हसले. म्हणाले, “खाडीकाठी तिवरे तोडून डंपरने भराव टाकणारे रात्री शांत झोपतात, आणि तुम्ही टाळ्यांचा हिशेब मांडून बसलात!” आक्षेप क्षुल्लक नाही. ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीत गेला. तरीही खाडीकाठी पाणथळ जागा बुजतच आहेत, आणि बुजलेल्या कोंडीत पक्षी उतरतच नाही, तेथे टाळीचा प्रश्नच उरत नाही. परंतु दुसऱ्याच्या मोठ्या अपराधाने माझा लहान अपराध धुऊन निघतो, हे गणित मला कुठल्याही नीतिशास्त्रात सापडलेले नाही. शिवाय भराव टाकणाऱ्याला आपण काय करतो ते कळत असते. आम्ही तर प्रेमाने गेलो होतो. सहलीला जाणारा माणूस स्वतःला निरुपद्रवी समजतो, कारण तो काही तोडायला किंवा विकायला आलेला नसतो. म्हणूनच त्याला कुणी अडवीत नाही आणि तोही स्वतःला अडवीत नाही.

मित्राचा दुसरा आक्षेप मात्र अवघड होता. ते म्हणाले, थवा उडताना पाहून मुलांचे डोळे चमकले, म्हणून त्यांना मिठागर आवडले. प्रत्येक पावलाला ‘हे करू नका, ते करू नका’ म्हणाल तर ती मोबाईल घेऊन घरी बसतील, आणि पुढे भराव पडेल तेव्हा हळहळायलासुद्धा कुणी उरणार नाही. याला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. प्रेम आधी की जपणूक आधी, हा प्रश्न पालकांना, शिक्षकांना आणि आम्हा धर्मगुरूंनाही रोज पडतो.

आम्ही वेळ बदलली, एवढे सांगू शकतो. आता ओहोटीला जातो. पक्षी चिखलावर दूरवर विखुरलेले असतात, साध्या डोळ्यांना ठिपक्यांएवढे. मुलांना काठावर बसवतो आणि दहा मिनिटे हलू नका म्हणतो. पहिल्या वर्षी एक मुलगा कंटाळून मोठ्याने म्हणाला, “फादर, इथे काही नाहीच आहे.” खरोखरच समोर नुसता चिखल होता, आमच्या चाहुलीने सगळे बिळात गेलेले. पाचव्या-सहाव्या मिनिटाला एक खेकडा बाहेर आला आणि आपली मोठी नांगी हलवू लागला. मग दुसरा, मग पन्नास. निवटे बाहेर पडले. तो मुलगा काही बोलला नाही, पण आमच्या निघण्याच्या वेळी उठायला तयार नव्हता. सगळ्याच मुलांचे तसे होते असे नाही. पटावरची संख्या पूर्वीपेक्षा कमी झाली आहे, हेही खरे.

गेल्या हिवाळ्यात एकदा भरतीच्या वेळी एकटाच त्या बांधावर गेलो होतो. काका आता कामावर येत नाहीत. एक तरुण गृहस्थ मोटारसायकल लावून आपल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. माझ्या पहिल्या-दुसऱ्या सहलीतला विद्यार्थी. मी काही बोलण्यापूर्वीच त्याने मुलाला म्हटले, “बघ हं बाळा, फादरनी आम्हाला काय शिकवलं होतं,” आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून टाळी वाजवली. थवा उठला, काळा झाला, चांदीसारखा लखलखला. लहानगा खदखदून हसला. बाप माझ्याकडे वळून म्हणाला, “आठवतं ना, फादर?”

त्याचे हे ‘नकळत’ कुणाच्या खात्यावर लिहावयाचे, याविषयी मला शंका नव्हती. मी त्याला काकांचे ते वाक्य सांगितले, जसेच्या तसे. तो गप्प झाला. मुलाला खाली उतरवले. थवा अजून खाडीवर घिरट्या घालीत होता, त्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग विचारले, “मग यायचं कधी, फादर?”

येत्या रविवारी सप्तमी होती. भरती पहाटे सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे अकराच्या पुढे पाणी उतरलेले असणार. भांगाचे दिवस, तेव्हा चिखल फार उघडा पडणार नाही, हेही मी त्याला सांगितले. दुर्बीण माझी घेऊन येईन म्हणालो.