विकतचे मीठ

खाल्ल्या मिठाला जागावे, हे वचन आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याशी बेइमान होऊ नये, एवढा त्याचा सरळ अर्थ. परंतु हे वचन ज्या काळी रूढ झाले त्या काळी, निदान पांढरपेशा समाजात, परक्याचे मीठ पोटात जाण्याचे मार्ग दोनच होते. एक धन्याच्या चाकरीचा आणि दुसरा यजमानाच्या पंक्तीचा. अनोळखी माणसाच्या दुकानात शिरावे, पैसे टाकावे, त्याच्या हातचे खावे आणि तोंड पुसून बाहेर पडावे, हा तिसरा मार्ग पुष्कळ अलीकडचा. आज तोच राजमार्ग झाला आहे. मुंबई-पुण्याची मध्यम स्थितीतील कुटुंबेही हल्ली रविवारी देशोदेशींच्या पदार्थांच्या शोधात निघतात. कोठे कोरियन माणसाने थाटलेले चार टेबलांचे दुकान, कोठे तिबेटी बाईच्या हातचा थुक्पा. आणि घरी परतताना एखादा देश पाहून आल्याचे समाधान त्यांच्या मुद्रेवर असते. तेव्हा असा प्रश्न उपस्थित होतो की, या विकतच्या मिठाला जागण्याचे काही बंधन आहे काय? की दाम चुकते केले तेथेच सारे देणे फिटले?

हा प्रश्न प्रथम माझ्यापुढे उभा राहिला तो एका पानवाल्याच्या ठेल्यापाशी. विद्यार्थिदशेतील चार वर्षे मी गिरगावात काकांच्या बिऱ्हाडी काढली. चाळीच्या कोपऱ्यावर एका इराण्याचे हॉटेल होते. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या काळ्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला मोठाले आरसे, गल्ल्याजवळ खारी बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. कॉलेजात जाण्यापूर्वी तेथे ब्रून-मस्का आणि चहा घेण्याचा माझा परिपाठ होता. परीक्षेच्या दिवसांत एका चहावर दोन दोन तास मिल्लचा ग्रंथ उघडून बसलो, तरी गल्ल्यावरच्या वृद्ध शेठने कधी ‘उठा’ म्हटले नाही. एकदा महिनाअखेरीस खिशात पैसे नव्हते, तेव्हा त्याने पोऱ्याला मानेने खूण केली आणि गोष्ट तेथेच मिटली. पुढे नोकरीनिमित्त मी पुण्यास आलो. काही वर्षांनी सहज त्या कोपऱ्यावर गेलो तो तेथे औषधांचे दुकान झालेले. शेजारच्या पानवाल्यास विचारले, “येथले शेठ कोठे गेले हो?” तो म्हणाला, “कोणते शेठ? नाव काय त्यांचे?”

मला नाव सांगता येईना. चार वर्षांत निदान हजार वेळा तरी मी त्या मनुष्याच्या हातून सुटे पैसे परत घेतले असतील. तोंडावर मी त्याला ‘शेठ’ म्हणत असे आणि आम्ही मुले आपसांत ‘इराणी’ म्हणत असू. तो झरतुष्ट्राचा अनुयायी होता की मुसलमान, हेही मला सांगता आले नसते. कारण दोन्ही धर्मांचे इराणी या धंद्यात होते, आणि भिंतीवरच्या तसबिरींकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. त्या क्षणी मला जी लाज वाटली तिला काही तात्त्विक आधार आहे, की ती केवळ भाबडेपणाची आहे, हे तपासून पाहणे हाच या लेखाचा हेतू.

प्रथम विरुद्ध पक्ष मांडतो, कारण तो दुबळा नाही. मिठाच्या इमानाची जुनी कल्पना उकलून पाहिली तर तिच्या मुळाशी विषमता आढळते. देणारा वर आणि घेणारा खाली. चाकराने धन्याच्या मिठाला जागावे असे आपण म्हणतो. धन्याने चाकराच्या घामाला जागावे, अशी म्हण मात्र आपल्या भाषेत रूढ झाली नाही. शिवाय कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, यावर तर आपल्या जातिव्यवस्थेची अर्धी इमारत उभी होती. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्यास ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव खावा लागे. एवढासा पावाचा तुकडा म्हणजे जातिभेद मोडल्याची शपथ होती. तीही उघडपणे घेण्याची सोय नव्हती. सभेचे सारे कामकाज गुप्तपणे चाले. पुढे १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, तेव्हा त्या बैठकीला न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि शहरात ग्रामण्य माजले. शंकराचार्यांकडून चौकशी झाली, प्रायश्चित्ते घेतली गेली. एक पेला चहा एवढा महाग पडत असे!

या पार्श्वभूमीवर इराण्याच्या टेबलाचे मोल ध्यानात येते. मुंबईतील धोबी तलावाजवळचे कयानीचे दुकान १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटीतील ब्रिटानिया १९२३ सालचे, पुण्यातील डेक्कन जिमखान्यावरचे गुडलक १९३५ सालचे. म्हणजे पंचहौदच्या चहाला अर्धशतक लोटण्याच्या आतच गिरणीतला कामगार, कचेरीतला कारकून आणि कोर्टातला वकील एकाच दुकानात बसून चहा पिऊ लागले, आणि कोणी कोणास प्रायश्चित्त सांगितले नाही. सुधारकांच्या व्याख्यानांनी जे घडेना ते पुष्कळ अंशी या दुकानांनी घडविले; आणि ते घडले याचे कारण हेच की, तेथे कोणी कोणाचे नाव विचारीत नसे. पैसा निर्दय असतो असे आपण म्हणतो. पण तो आंधळाही असतो. जेथे डोळसपणा म्हणजे जात पाहणे एवढेच उरले होते, तेथे हे आंधळेपण उपकारक ठरले. मग त्याच दुकानात बसून नाव न विचारल्याचा खेद मी का करावा? दाम देऊन मोकळे होण्याचे जे स्वातंत्र्य आपल्या आजोबा-पणजोबांना नव्हते ते आपणांस लाभले आहे; त्याला पुन्हा इमानाची बेडी का घालावी?

हा युक्तिवाद मला बराच काळ पटत असे. पण त्यात एक उणीव आहे. दामाने काय फिटते याचा त्यात नीट हिशेब नाही. पिठाचे, लोण्याचे, कोळशाचे आणि कष्टांचे मोल दामाने फिटते, हे कबूल. परंतु ती चव माझ्या बशीत आली कशी, या प्रश्नाचे उत्तर बिलात नसते.

इराण्यांचेच पाहा. यझ्द आणि केरमान या प्रांतांतील झरतुष्ट्री लोक एकोणिसाव्या शतकात अत्यंत हलाखीत होते. ते मुसलमान नाहीत म्हणून त्यांच्यावर जिझिया कर होता, आणि कराहूनही दुःसह असा रोजचा अपमान होता. त्यांची स्थिती पाहून मुंबईच्या पारशी समाजाने १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया यांस इराणास पाठविले, आणि जवळजवळ तीस वर्षांच्या खटपटीनंतर १८८२ साली तो कर रद्द झाला. तथापि दारिद्र्य आणि भीती एका फर्मानाने जात नाहीत. त्या शतकाच्या अखेरीस आणि पुढच्या शतकाच्या आरंभी जी माणसे मुंबईस आली त्यांतील पुष्कळांनी चहाची दुकाने काढली. कोपऱ्यावरच्या जागा येथील व्यापाऱ्यांना अशुभ वाटत, म्हणून त्या इराण्यांच्या वाट्यास आल्या, असे सांगतात.

आणि त्या दुकानात आपण जे ‘इराणी’ म्हणून खाल्ले ते तरी कितपत इराणचे? इराणात चहा दुधावाचून पितात; खडीसाखर किंवा साखरेचा खडा दातांत धरून. दुधाचा गोड चहा ही येथलीच आवड. पाव हा शब्द पोर्तुगीज. खुद्द चहाचे रोप विसाव्या शतकाच्या सुमारास इराणच्या एका वकिलाने हिंदुस्थानातून नेऊन लाहिजानला रुजविले, तेव्हा तेथे चहाचे मळे झाले. म्हणजे ज्या वेळी इराणी माणूस मुंबईत येऊन आपणांस चहा पाजू लागला, साधारण त्याच वेळी आपला चहा त्याच्या देशात रुजत होता. हा सारा योगायोग मनोरंजक आहे. पण मुद्दा असा की, ब्रून-मस्का हजार वेळा खाऊनही यझ्दच्या माणसाविषयी मला काहीएक कळले नव्हते. जिभेची ओळख ही माणसाची ओळख नव्हे. ती ओळखीची जागा घेऊन बसते, आणि ओळख झालीच आहे असा भ्रम उत्पन्न करते, एवढे मात्र खरे.

हा भ्रम निरुपद्रवी आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने कलकत्त्याची हकीकत आठवावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका चिनी गृहस्थाने कलकत्त्याच्या दक्षिणेस हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावास अछीपूर म्हणतात. तेव्हापासून तेथे चिनी वस्ती वाढत गेली. कोणी सुतारकाम करी, कोणी जोडे बनवी, कोणी दात बसवी, टांगऱ्यात कातडी कमावण्याचे कारखाने निघाले, आणि कित्येकांनी खाणावळी काढल्या. तेथले नूडल्स पिढ्यानपिढ्या बंगाली बाबूंनी आवडीने खाल्ले. पुढे १९६२ साली चीनशी युद्ध झाले. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग अशा ठिकाणांहून चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसे, बायकामुलांसुद्धा, उचलून आगगाडीने राजस्थानात देवळी येथील छावणीत नेऊन ठेवली. त्यांत पुष्कळांचा जन्म हिंदुस्थानातच झालेला होता. काहींना तेथे चार वर्षांहून अधिक काळ काढावा लागला. कलकत्त्यातील चिन्यांवरही निर्बंध आले आणि कित्येक कुटुंबे कायमची देश सोडून गेली. त्यांच्या हातचे खाणारे गिऱ्हाईक हजारो होते. ‘हा मनुष्य आमच्या गल्लीतला आहे, आम्ही त्यास ओळखतो’ असे म्हणावयास त्यांतील किती जण पुढे आले असतील? पुढे येण्यास नाव तरी ठाऊक असावे लागते. गंमत अशी की, त्यानंतर आपल्या देशात चिनी जेवणाची आवड कमी झाली नाही, उलट वाढली. आज खेड्यातील बसस्थानकाबाहेरही ‘मंचुरियन’ मिळते, आणि तो पदार्थ मांचुरियाने कधी पाहिलेला नाही. माणूस नकोसा झाला तरी त्याचा रस्सा हवासा राहू शकतो, हे त्यावरून सिद्ध होते.

येथे विकतच्या मिठाचा प्रश्न खरा कठीण होतो. परदेशी अन्नाची जी विविधता आपण मौजेने चाखतो ती पुष्कळदा कोणाच्या तरी घर सुटण्याची फलश्रुती असते. तिबेटी माणसे १९५९ नंतर आली नसती तर थुक्पा आणि मोमो यांची आपणांस एवढी सवय झाली नसती. त्यांच्या संकटाचे कारण आपण नव्हतो, तेव्हा त्याची भरपाई करण्याचे दायित्वही आपल्यावर नाही. पण दुसऱ्याच्या हानीतून आपल्याला लाभ झाला असता ती हानी ठाऊक नसल्यासारखे वागणे, यास निर्दोष अज्ञान म्हणता येणार नाही.

यावर एखादा वाचक विचारील, “मग गिऱ्हाइकाने करावे तरी काय? चहा सांगण्यापूर्वी शेठची वंशावळ विचारावी?” आक्षेप योग्य आहे. परक्याच्या दुःखाची चौकशी हाही एक चवीचा प्रकार होऊ शकतो. किंबहुना पदार्थासोबत तोंडी लावावयास एक करुण कथाही मिळावी, अशी हाव हल्ली दिसते. दुकानदारास गप्प राहण्याचा हक्क आहे. आपला देश, आपला धर्म, आपले हाल यांचे प्रदर्शन न मांडता केवळ चांगला पाव विकण्याचा त्याचा अधिकार आपण हिरावून घेऊ नये. म्हणून मी ज्या ऋणाविषयी बोलतो ते फार लहान आहे. चव घेतली म्हणजे माणूस कळला, असे समजू नये. त्याने होऊन नाव सांगितले तर ते ध्यानात ठेवावे. आणि एखाद्या दिवशी गर्दी त्याच्याकडे बोट दाखवून ‘हा परका’ म्हणू लागली, तर आपण त्याच्या टेबलाशी बसत होतो ही गोष्ट त्या दिवशी विसरू नये. जुन्या मिठाचे इमान धन्यासाठी तलवार उचलण्याचे होते. विकतच्या मिठाचे इमान साक्ष देण्यापुरते आहे. परंतु प्रसंग पडला असता तेही सोपे नसते, हे १९६२ साली दिसून आले.

गेल्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी दिल्लीस गेलो असता लजपतनगरात एका अफगाण नानबाईच्या दुकानापुढे उभा होतो. भट्टीतून निघालेले लांबट नान तो कागदात गुंडाळीत होता. गर्दी ओसरली तेव्हा मी माझे नाव सांगितले आणि मग त्याचे विचारले. त्याने सांगितले. गाव हेरात, गावाजवळची नदी हरीरूद. मग त्याने मला विचारले, “आणि आपले गाव?” मी वाईचे नाव घेतले, नदीचेही घेतले. तो शब्द त्याने दोनदा उच्चारून पाहिला, आणि नानचे पैसे मोजून घेतले. एक रुपयाही कमी केला नाही. ते मला फार बरे वाटले.

त्याचे नाव मी वहीत टिपून ठेवले आहे. ते येथे लिहिण्याचे कारण नाही. गिरगावातल्या शेठचे नाव मात्र मला अजून ठाऊक नाही, आणि आता ते कळण्याचा संभवही नाही. त्या एका महिनाअखेरीच्या चहाचे पैसे मी पुढल्या महिन्यात दिले होते, एवढे नक्की आठवते. त्या व्यवहारात माझ्याकडे बाकी काही राहिले नाही, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो.