फळीची खालची बाजू



राखेच्या बुधवारी कपाळावर लावलेली राख केव्हाच पुसली गेली. प्रायश्चित्त काळाचे खरे काम मात्र आता सुरू होते, आणि ते आतले काम आहे. ते कसे करावे, ह्याचा एक धडा आम्हांला ह्या जानेवारीत एका सुताराच्या पडवीत मिळाला.

आपल्या धर्मग्रामातील हे सुतारकाका मुंबई बंदरातील शिडाच्या नौकांची लाकडी कामे करतात. अशा नौकेच्या पोटात एक छोटीशी केबिन असते. झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, नकाशे पसरायचे टेबल. तिची जमीन म्हणजे उचलून काढता येतील अशा फळ्या. प्लायवुडवर सागवानाचा पातळ थर आणि मध्ये फिक्या लाकडाच्या बारीक रेघा. एका नौकेच्या अशा फळ्या नव्याने व्हार्निश करण्यासाठी काकांनी घरी आणल्या होत्या. चार युवकांना घेऊन आम्ही मदतीला गेलो.

फळ्यांवर कुठे व्हार्निशचे पापुद्रे सुटले होते, कुठे काळे डाग पडले होते. आम्हांला वाटले, घासून वरून एक हात मारला की काम झाले. काकांनी काही न बोलता पहिली फळी उलटी केली. खालच्या बाजूला व्हार्निशचा थेंबही लागलेला नव्हता. कडा काळ्या पडून प्लायवुडचे थर सुटू लागले होते.

काका म्हणाले, "फादर, वर चकाकी आणणं सोपं आहे. पण नौकेच्या तळात थोडं पाणी साचतंच. त्याची ओल उघड्या कडांतून लाकडात शिरते आणि वरचं व्हार्निश आतून उचलते. मागच्या वेळी कुणीतरी फक्त वरूनच हात मारला होता."

आपलेही असेच नाही का? पेला आणि ताट बाहेरून घासणाऱ्या परुश्यांना प्रभू येशूने आधी आतली बाजू पाहायला सांगितले. रविवारची मिस्सा, सणाचे कपडे, देणगीच्या यादीतले नाव ही आपली वरची बाजू. तिच्यात वाईट काही नाही. पण दार लावल्यावर आपण पत्नीशी कोणत्या सुरात बोलतो? जमिनीच्या तुकड्यासाठी सख्ख्या भावाशी किती वर्षे अबोला धरतो? एकटे असताना मोबाइलवर काय पाहतो? ओल तिथून शिरते. वरून कितीही हात मारले तरी वर्षभरात डाग पुन्हा दिसू लागतात.

आता आमची चूक सांगतो. सागवानाचा तो थर एक मिलिमीटरहूनही पातळ होता. "जोर देऊ नका," असे काकांनी बजावले होते. पण एक डाग जाईना, म्हणून आम्ही घासायचे मशीन दाबून धरले. बघता बघता सागवान संपले आणि खालचा फिका थर उघडा पडला. काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "डाग खोल गेला की तो खरवडायचा नसतो." मग त्यांनी दुसऱ्या डागावर ऑक्झॅलिक ॲसिडचे पाणी लावले, थांबले, स्वच्छ पाण्याने धुतले आणि फळी वाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी डाग बराच फिका झाला होता.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ घरची अडचण घेऊन आमच्या कार्यालयात आले होते. त्यांचे पुरते ऐकून न घेता आम्ही त्यांना नियम ऐकवले, तेही चढ्या आवाजात. बोलणे खरे होते, पण हात जड होता. त्यानंतर ते चर्चमध्ये दिसले नाहीत. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की देवाची कृपा माणसाचा स्वभाव नष्ट करत नाही, तर त्याला पूर्णत्वाला नेते. सेमिनरीत आम्ही हे पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र त्या फळीने समजावला. आईबापांनो, शिक्षकांनो, मुलांना सुधारतानाही हे लक्षात असू द्या.

आम्ही बिघडवलेल्या जागी काकांनी सागवानाचा छोटा तुकडा बेतून बसवला. जवळून पाहिले तर ठिगळ दिसते. 1986 साली गालील सरोवराच्या काठच्या चिखलात सुमारे 8 मीटर लांबीची एक जुनी नौका सापडली. ती प्रभू येशूच्या काळातली मानली जाते. तिच्यात दहा-बारा प्रकारची लाकडे आहेत, कारण ती पुन्हा पुन्हा दुरुस्त केली गेली. गालीलचे कोळी ठिगळ लावलेल्या नौका पाण्यात लोटत होते. अशाच एखाद्या नौकेत बसून प्रभूने लोकांना शिकवले.

मग व्हार्निश सुरू झाले. आधी कडा, मग खालची बाजू, शेवटी वरची. पहिला हात पातळ, म्हणजे तो लाकडात मुरतो. मग वाळू द्यायचे, हलकेच घासायचे, पुसायचे आणि पुन्हा हात द्यायचा. असे सहा हात, एकेका दिवसाच्या अंतराने. शेवटचा हात काकांनी मुद्दाम कमी चकाकीचा दिला. नौका वाऱ्याने कलली की गुळगुळीत जमिनीवर पाय घसरतो. ती जमीन तोंड पाहण्यासाठी नाही, वादळात पाय रोवण्यासाठी आहे. आपल्या भक्तीचेही तसेच असावे.

ईस्टरपर्यंत आपल्याला वेळ आहे. रोज थोडे काम करू या. ह्या आठवड्यात एक फळी उलटी करा, म्हणजे ज्या गोष्टीकडे आपण पाहायचे टाळतो, ती एक गोष्ट प्रायश्चित्त संस्कारात प्रभूपुढे ठेवा. तिथे आमचा हात हलका राहील, असे आम्ही वचन देतो.

गेल्या मंगळवारी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला. मिस्सेला ते अजून आलेले नाहीत. पहिला हात मुरायला वेळ लागतो.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू नाझरेथचा सुतार आहेस. आमची झाकलेली बाजू तुझ्या हाती देतो. ती हळुवारपणे स्वच्छ कर, आणि दुसऱ्यांना हात लावताना आम्हांलाही तसेच हळुवार कर. आमेन.