निरोप पुढे का द्यायचा?

ॲड हॉक नेटवर्कमध्ये मनोरा नसतो आणि नियंत्रण कक्षही नसतो. दूरच्या उपकरणाला संदेश धाडायचा तर मधल्या उपकरणांनी तो एकमेकांकडे सोपवत न्यावा लागतो. दर खेपेला मधल्याची बॅटरी झिजते, पदरात मात्र काही पडत नाही. मग दुसऱ्याचा निरोप त्याने पुढे का द्यावा? अभियंत्यांपुढे आलेला हा प्रश्न नीतिशास्त्रात फार जुना आहे.

सेन्सर नेटवर्कमध्ये हा पेच सहसा पडत नाही. शेतात किंवा पुलावर बसवलेले संवेदक बहुधा एकाच मालकाचे असतात आणि सांगितलेले काम बॅटरी संपेपर्यंत करतात. त्याला निष्काम कर्म म्हणण्याचा मोह होईल. पण फळाची इच्छा सोडायला आधी इच्छा असावी लागते.

ॲड हॉक नेटवर्कमधली उपकरणे वेगवेगळ्या माणसांच्या मालकीची असू शकतात, त्यामुळे तिथे स्वार्थ शिरतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2000 मध्ये पहारेकऱ्याची युक्ती सुचवली: संदेश सोपवल्यावर शेजारी तो खरोखर पुढे पाठवतो का, यावर कान ठेवायचा आणि कामचुकारांना वगळून वाट काढायची. यात कामचुकाराचे फावतेच, कारण त्याच्यावरचा भार उतरतो आणि त्याचे स्वतःचे संदेश मात्र इतर जण वाहत राहतात. शिवाय रेडिओ लहरी एकमेकींवर आदळल्या, तर प्रामाणिक शेजारीही दोषी दिसू शकतो.

स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या फेडरल तंत्रसंस्थेत ज्याँ-पिएर उबो आणि लेव्हेंते बुत्त्यान यांनी त्याच सुमारास दुसरा मार्ग धरला. प्रत्येक उपकरणात छेडछाड करता येणार नाही असा मोजक बसवायचा. दुसऱ्याचा संदेश पुढे दिला की ‘नगलेट’ नावाचे काल्पनिक नाणे जमा होते. स्वतःचा संदेश पाठवताना वाटेत जितके मध्यस्थ लागतील त्या अंदाजाने नाणी वजा होतात. तत्त्वज्ञ हॉब्जने 1651 मध्ये ‘लेव्हायथन’मध्ये सर्वांवर एक सार्वभौम सत्ता मागितली होती, इथे तिचा अंमलदार प्रत्येकाच्या खिशात बसला. पण जाळ्याच्या काठावरच्या उपकरणावरून फारसे संदेश जातच नाहीत. त्याची कमाई तुटपुंजी राहते आणि वाट लांब असल्याने खर्च अधिक. आळस नसतानाही केवळ जागेमुळे वाट्याला येणारे हे दारिद्र्य आहे, आणि ‘केले तसे मिळाले’ हा न्याय त्यापुढे अपुरा पडतो.

तत्त्वज्ञ कांटने 1785 मध्ये गिऱ्हाइकाला न फसवणाऱ्या दुकानदाराचे उदाहरण दिले. धंद्याच्या हितासाठी पाळलेला प्रामाणिकपणा कर्तव्याला धरून असतो, पण त्याला नैतिक मोल नाही, असे त्याचे म्हणणे. नगलेटसाठी राबणारे उपकरण याच दुकानदाराच्या जातीचे. अभियंत्याला तेवढे पुरते, कारण त्याला निरोप पोचायला हवा असतो. हेतूची झडती घेणे त्याचे काम नव्हे.

बक्षीस आणि धाक दोन्ही काढून घेतले तर काय उरते, हेही तपासले गेले. फेलेग्याझी, उबो आणि बुत्त्यान यांनी 2006 मध्ये खेळ-सिद्धांताच्या आधारे दाखवले, की परस्परावलंबनातून आपोआप सहकार्य उपजणे गणिताने शक्य आहे. पण त्यासाठी लागणाऱ्या अटी प्रत्यक्षातल्या जाळ्यांत जवळजवळ कधीच पुऱ्या होत नाहीत.