सुया आणि ट्रॅमगाडी

आमच्या अलिबागला समुद्राजवळ एक वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकशक्तीत होणारे बारीकसारीक फेरफार तेथे नोंदले जातात. पूर्वी हे काम मुंबईत कुलाब्याला चाले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅमगाड्या धावणार असे ठरले, आणि त्या विजेने नाजूक सुया बहकतील म्हणून १९०४ साली हा संसार अलिबागला हलवण्यात आला. इमारतीसुद्धा चुंबकाला न खेचणाऱ्या पोरबंदरी दगडाच्या बांधल्या. वर्गात हे सांगताना दरवर्षी मला त्या जुन्या माणसांचे कौतुक वाटते. सुईला त्यांनी एकदाही ‘मन घट्ट कर’ म्हणून सांगितले नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी भाची बारावीला आमच्या घरी राहायला आली. तिला डॉक्टर व्हायचे होते. त्या प्रवेशपरीक्षेचे नाव ‘नीट’. मग घरात दुसरे काही नीट राहील कशाला! एकशेऐंशी प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलात तर पदरचा एक द्या. चुकीला दंड ठेवणारी परीक्षा मुलांना प्रथम भ्यायला शिकवते आणि मग जीवशास्त्र, असे माझे मत आहे. पण माझी मजल मॅट्रिकपुढे गेली नाही, तेव्हा माझे मत विचारतो कोण?

मॅट्रिक हीदेखील मुळात विद्यापीठाच्या उंबरठ्यावरचीच परीक्षा. मुंबई विद्यापीठाने ती १८५९ साली प्रथम घेतली. आमच्या जिल्ह्यात तर या परीक्षेचे एक दैवतच आहे. रायगडाजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, पुढे आय.सी.एस.लाही पहिले. त्यांचे नाव घेऊन येथल्या किती पिढ्यांनी पोरांचे कान पिळले असतील, याची मोजदाद नाही.

मी कान पिळणार नव्हतो. मला सुधारलेला मामा व्हायचे होते. मी वाचून ठेवले होते, की तोच धडा पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवलेले लिहावे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे सरस ठरले; आठवड्याने विचारले तेव्हा मात्र ज्यांनी मिटल्या पुस्तकाने आठवून पाहिले होते, त्यांच्याच लक्षात जास्त राहिले होते. गंमत अशी, की वाचणाऱ्यांनाच आपल्याला सारे येते याची खात्री अधिक होती!

तेव्हा मी बेत आखला. पाऊण तास वाचन. मग पुस्तक बंद आणि कोऱ्या पानावर आठवेल ते. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने पुन्हा तेच. संध्याकाळी किनाऱ्यावर फेरी, दहाला दिवा बंद. बहिणीला फोनवर अभिमानाने सांगितले, “आमच्याकडे दडपण नाही हो!” आणि रोज रात्री जेवणानंतर मी ती वही पाहू लागलो. रागावण्यासाठी नव्हे, नुसती पाहण्यासाठी.

वही सुरेख चालली होती. पानापानाला दोनतीन चुका, बाकी सगळे बरोबर. एके दुपारी पाणी न्यायला मी तिच्या खोलीत डोकावलो. पुस्तक उघडे होते आणि ती त्यातून वहीत उतरवून घेत होती.

“अगं, मग या चुका?” मी विचारले.

“त्या मी मुद्दाम करते, मामा. नाहीतर तुला खरं वाटलं नसतं.”

ती रडली असती तर मला सोपे गेले असते. ती शांतपणे माझ्याकडे पाहत होती. चाळीस मुलांच्या वर्गात मी वीस वर्षे नक्कल पकडत आलो आहे. पण माझ्या समाधानासाठी केलेली नक्कल मी प्रथमच पाहत होतो. पद्धत खोटी नव्हती. कोऱ्या पानावर ‘आठवत नाही’ असे लिहिण्याची मोकळीक हाच तिचा प्राण होता, आणि तेच पान रोज पाहून मी तिला मारले होते. दडपण वेळापत्रकातून काढून मी ते माझ्या चेहऱ्यावर आणून ठेवले होते.

येथे कोणी म्हणेल, जागा थोड्या, उमेदवार लाखांनी. शेजारचा मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो, तेथे आपण दूर सरायचे म्हणजे मुलीला वाऱ्यावर सोडायचे नाही का? हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. नापास झाल्याचे दुःख तिच्या वाट्याला येणार, माझ्या नव्हे. मग बेफिकीर राहण्याचा मला हक्क काय? परंतु काळजी वाटणे वेगळे आणि ती काळजी शांत करण्याचे काम मुलीवर टाकणे वेगळे. ती वर्षभर दोन अभ्यास करीत होती: एक परीक्षेचा, दुसरा माझा.

मी वही पाहणे सोडले. सांगायला सोपे, पहिले आठ दिवस रात्री जेवण झाले, की माझे हात रिकामे वाटत. मी उगाच सुपारी कातरत बसे. ती अभ्यास करते की नाही, हे मला कळेनासे झाले.

तिचा निकाल काय लागला, असे वाचक विचारतील. आमच्या आळीतही सर्वांनी तेच आधी विचारले. तो तिचा आहे, मी येथे लिहीत नाही. ती गेल्यावर कपाटात वही मात्र राहिली होती. फोन करून तिला विचारले आणि मगच उघडली. मागच्या पानांवरचे अक्षर घाईचे, वेडेवाकडे. एका पानावर वर ‘मूत्रपिंडाचे कार्य’ एवढा मथळा, खाली चार ओळी, आणि मग तीनदा लिहिलेले: ‘आठवत नाही. आठवत नाही. उद्या.’