बुजलेली घोडी आणि बुजलेला स्वार

वाचनभाग : मत्तय २१:१–७, मार्क ११:१–११, योहान २१:१–१७



आमचे वडील नाशिकहून देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये नोकरीस आले, त्यामुळे आमचे बालपण माळव्यात गेले. देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या पवारांनी मराठी तेथे केव्हाच रुजविली होती, म्हणून फारसे परके कधी वाटले नाही. दिवाळीच्या सुट्टीत वडिलांचे एक स्नेही आम्हांला आपल्या गावी, पीपलरावां येथे नेत. त्यांच्याकडे एक घोडी होती. लग्नसराईत ती नवरदेवाला मिरवी. स्वभावाने गरीब, पण बुजरी.

चौदाव्या वर्षी आम्ही तिच्यावरून पडलो. सोयाबीनच्या ढिगावर टाकलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडली, घोडी एकदम बाजूला उडाली, आमचा पाय रिकिबीतून निसटला आणि आम्ही काळ्या ढेकळांत. फार लागले नव्हते. पण पडल्याबरोबर पुन्हा बसलेच पाहिजे, नाही तर भीती मनात घर करते, असे म्हणून जमलेल्या मंडळींनी आम्हांला उचलून खोगिरावर बसविले. कोणी तरी घोडीला त्याच ताडपत्रीपाशी ओढून दोन फटके दिले. ती मागच्या पायांवर उभी राहिली. या वेळी गळ्याजवळचे हाड मोडले. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे आम्ही घोड्यावर बसलो नाही. वरातीत घोडी आली की आम्ही गर्दीच्या दुसऱ्या बाजूला होत असू, आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून वाजंत्र्यांचे कौतुक करीत असू!

त्या मंडळींचा सल्ला अगदीच खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला नुसते खरचटले आहे त्याला तो लागू पडतो. ज्याच्या आतले काही तुटले आहे त्याला मात्र नाही. आणि फटके तर कोणालाच नाहीत. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. घोड्यापाशी रागाने कधी जाऊ नये, असे तो त्यात सांगतो. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा व त्याला हळूहळू जवळ न्यावे. मारले तर ती वेदना त्या वस्तूनेच दिली असे घोड्याला वाटते आणि भीती दुप्पट होते.

बलामाने आपल्या गाढवीला तीन वेळा मारले (गणना २२), हे आपण शब्बाथ शाळेत मुलांना हसत हसत सांगतो. पण तिला रस्त्यात उभा असलेला देवदूत दिसत होता आणि संदेष्ट्याला दिसत नव्हता! घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. अगदी नाकासमोरचा व शेपटीमागचा थोडा भाग सोडला, तर त्याला भोवतालचे जवळजवळ सगळे दिसते. पळून जीव वाचविणारा तो प्राणी आहे. आपण ज्याला हट्ट म्हणतो ती पुष्कळ वेळा त्याची दक्षता असते. आणखी एक गोष्ट. २००९ साली स्वीडनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घोडा नेणाऱ्या माणसांना सांगितले होते की चौथ्या फेरीला वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडली गेलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हते त्या घोड्यांचेही वाढले.

काही वर्षांपूर्वी पीपलरावां येथे पुन्हा जाणे झाले. जुनी घोडी केव्हाच मेली होती. स्नेह्यांच्या मुलाने दुसरी पाळली होती, तीही बुजरीच. आमची कथा ऐकून तो हसला नाही. पहिले दोन दिवस त्याने आमच्या हाती फक्त खरारा दिला. तिसऱ्या दिवशी दोर धरून तिच्याबरोबर पायी चालविले. चौथ्या दिवशी बसविले, पण दोर स्वतःच्या हाती ठेवला. "भैया, श्वास सोडा," तो म्हणाला, "तुम्ही धरून ठेवलात की तीही धरून ठेवते." मग त्याने जमिनीवर ताडपत्री अंथरली, तिच्यावर चंदी ठेवली आणि स्वतः जाऊन मधोमध उभा राहिला. घोडीने बराच वेळ फुरफुर केली. शेवटी मान लांब करून दाणे उचलले. आम्ही वर बसलेलो होतो आणि आमचे पाय कापत होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

त्या रात्री यरुशलेमप्रवेशाचा भाग आम्ही नव्याने वाचला. ज्या शिंगरावर तोवर कोणीच बसले नव्हते, त्यावर प्रभू बसला. वाटेवर वस्त्रे पसरलेली, फांद्या टाकलेल्या, पुढेमागे लोकांचा जयघोष. ज्याने कच्चे जनावर हाताळले आहे त्याला विचारा, अशा गोंगाटात ते काय करील! आणि मत्तय एक बारीकशी गोष्ट नोंदवितो, ती आम्ही इतकी वर्षे वाचून सोडून दिली होती. प्रभूने एकटे शिंगरू मागविले नाही. त्याची आईही बरोबर आणविली. विद्वान येथे जखऱ्याच्या भविष्याचा संबंध दाखवितात, तो आहेच. पण त्या शिंगराला आईची सोबत मिळाली, हेही तेथे लिहिलेले आहे.

पेत्राकडे पाहा. कोळशाच्या शेकोटीपाशी तो तीनदा घसरला. पुढे तिबिर्याच्या किनाऱ्यावर प्रभूने पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटविला होता. पण त्याने पेत्राला लगेच उभे करून जाब विचारला नाही. आधी मासळी आणि भाकर दिली, सोबत्यांमध्ये बसविले. जेवण झाल्यावर मग प्रश्न.

हे सारे लिहिण्याचे खरे कारण सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमात आमच्या वर्गातील एक मुलगी पाठ केलेली वचने विसरली. लोक हसले. ती पडद्यामागे पळून आली, आणि आम्ही तिला खांद्याला धरून पुन्हा पुढे ढकलले. लगेच गेलीस नाही तर भीती बसेल, असे म्हणालो. तोच सल्ला, तेच शब्द. तिला तेथे रडू कोसळले. त्यानंतर ती कित्येक महिने शब्बाथ शाळेत आली नाही. आमच्या गळ्याजवळचे हाड थंडीत अजून दुखते, तरीही त्या क्षणी आम्हांला काही आठवले नाही.

तिच्या घरी जाऊन आम्ही तिची क्षमा मागितली. दहा वर्षांच्या मुलीची क्षमा मागणे आम्हांला जड गेले. आता ती येते. आधी गीतपुस्तके वाटण्याचे काम तिने घेतले. मग मैत्रिणीबरोबर, बाकावर बसूनच, शास्त्रभागाच्या दोन ओळी वाचल्या. येत्या नाताळात ती गायकवृंदात मागच्या रांगेत, थोरल्या बहिणीच्या शेजारी उभी राहणार आहे. एकटीने काही म्हणणार नाही, असे तिने आम्हांला निक्षून सांगितले आहे. आम्ही बरे म्हटले.