वास्तूचा शेजार

दिल्लीच्या जंतरमंतरात शिरणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरते ती सम्राट यंत्राची भव्यता. अंबरचा राजा सवाई जयसिंह याने १७२४ च्या सुमारास उभारलेल्या या वेधशाळेची मधल्या काळात पडझड झाली, अनेकदा डागडुजी झाली, मूळच्या अंशरेषा पुसल्या गेल्या. पण भिंत उभी आहे. भोवती कुंपण आहे, हिरवळ आहे, तिकिटाची खिडकी आहे आणि हे राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक असल्याचे सांगणारा फलकही आहे. ‘जतन’ या शब्दाचा जो रूढ अर्थ आहे त्या अर्थाने ही वास्तू जतन झालेली आहे. तरीही ज्या कामासाठी ती बांधली गेली ते काम तिला आता नीट करता येत नाही. कारण तिचे आकाश तिच्यापाशी राहिलेले नाही.

सम्राट यंत्र म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या आकाराची एक प्रचंड भिंत. तिची तिरकी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर असते. म्हणजेच क्षितिजाशी तिचा होणारा कोन त्या स्थळाच्या अक्षांशाइतका, दिल्लीपुरता सुमारे साडेअठ्ठावीस अंश. भिंतीच्या दोन्ही बाजूंना चतुर्थांश वर्तुळाच्या आकाराचे पट्टे आहेत; सकाळी एका पट्ट्यावर आणि दुपारनंतर दुसऱ्यावर भिंतीची सावली सरकते आणि तीवरून स्थानिक वेळ वाचायची. जयपूरच्या त्याहून मोठ्या यंत्रावर ही सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर चालते, आणि ती चालताना डोळ्यांना दिसते. अशा यंत्राला दोनच गोष्टी लागतात, अढळ भिंत आणि मोकळे आकाश. पैकी पहिलीची काळजी कायद्याने घेतली. दुसरी गेली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, संसद मार्गावर आणि कॅनॉट प्लेसच्या परिसरात उंच इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा. या इमारतींनी वेधशाळेच्या एकाही विटेला हात लावलेला नाही. मात्र दिवसाच्या काही प्रहरांत त्यांची सावली यंत्रांवर पडते आणि ज्या क्षितिजाचा वेध घ्यायचा ते क्षितिज त्यांच्याआड गेले आहे.

हानीचा हा प्रकार चमत्कारिक आहे. दगडाची झीज भरून काढता येते. जयपूरची वेधशाळा १९०१-०२ मध्ये दुरुस्त झाली, तेव्हा त्या कामात तरुण चंद्रधर शर्मा गुलेरी सहभागी होते. ‘उसने कहा था’ या कथेने हिंदी साहित्यात चिरस्थायी झालेले तेच गुलेरी. उज्जैनची वेधशाळा १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी नीट करविली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने तिथे काम केले. पुसलेल्या रेषा पुन्हा कोरल्या की यंत्रे बोलू लागतात, हा त्या पिढीचा अनुभव होता, आणि तो खरा ठरला, कारण वरचे आकाश तसेच होते. दिल्लीत जे हरवले आहे ते कोणत्याही गवंड्याला परत बसविता येणार नाही.

मग प्रश्न असा की, इथे अपराध कोणाचा आणि नेमका कशाचा? ज्याने आपल्या जमिनीवर, नगरपालिकेच्या अनुमतीने इमारत बांधली त्याने दुसऱ्याचे काय घेतले? मालमत्तेच्या भाषेत याला उत्तर नाही. वास्तूची हद्द कुंपणापाशी संपते आणि कुंपणापलीकडचा प्रकाश, वारा, दृश्य यांवर तिची मालकी नसते.

या ठिकाणी भाषाविचाराकडे वळणे उपयोगी पडेल. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने निश्चित होतो, याची जी साधने भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त सांगितली आहेत त्यांत शेजारच्या शब्दाची सन्निधी हे एक आहे. व्यंजनेचा विचार करताना मम्मटानेही वक्ता, श्रोता, देश, काल यांच्या जोडीला अन्यसन्निधी, म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी जवळ असणे, हे अर्थाचे एक कारण मानले आहे. शब्द तोच, उच्चार तोच. पण जवळ कोण आहे यावर तो काय सुचवितो हे ठरते. वास्तूच्या बाबतीत हे शब्दशः लागू पडते. नदीकाठच्या घाटाला नदी आणि मिनाराला मोकळी दिशा या बाहेरच्या गोष्टी नव्हेत. त्यांच्यावाचून घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या आणि मिनार म्हणजे नुसती उंची. जंतरमंतराचे उदाहरण टोकाचे एवढ्याचसाठी की, इतर वास्तूंच्या बाबतीत जो अर्थाचा लोप सूक्ष्म असतो तो इथे घड्याळाने मोजता येतो.

पण ही उपमा फार ताणू नये. श्लोकातल्या शेजारच्या शब्दाला भूक लागत नाही, त्याचे कुटुंब वाढत नाही, पावसाळ्यात त्याचे छप्पर गळत नाही. वास्तूच्या शेजाऱ्याला हे सारे असते. दिल्लीतच हजरत निजामुद्दीनच्या वस्तीत शतकानुशतके माणसे दर्ग्याच्या, मकबऱ्यांच्या आणि चौदाव्या शतकातील बावडीच्या अंगाला अंग लावून राहत आली आहेत. तिथले घर आणि तिथले स्मारक यांच्यामध्ये रेघ ओढू गेल्यास ती कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाईल. २००८ साली त्या बावडीच्या भिंतीचा एक भाग ढासळला. पुढे दुरुस्ती झाली तेव्हा बावडीच्या बांधकामावरच ज्यांचे बिऱ्हाड होते त्या कुटुंबांसाठी पर्यायी घरांची सोय करावी लागली. दगड वाचविण्याचा खर्च तिथे निवाऱ्याच्या खर्चासह हिशेबात धरला गेला, ही गोष्ट विशेष नोंदविण्याजोगी आहे, कारण असे क्वचितच घडते.

कायद्याने निवडलेली वाट सरळ आहे. प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा १९५८ सालचा. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने प्रत्येक केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असे क्षेत्र ठरविले. पुढे शिथिलतेच्या वाटा निघाल्या. त्या वाटांवर दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये बोट ठेवले आणि २०१० च्या दुरुस्तीने हीच अंतरे थेट कायद्यात आली, जोडीला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण आले. जंतरमंतराच्या अगदी निकटच्या एका बहुमजली बांधकामाचा वाद २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला आणि कौल पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बाजूने लागला. निर्णय योग्यच होता. मात्र तोपर्यंत आकाशरेषा बदलून गेली होती, आणि ती बदलणाऱ्यांत राज्यसंस्था स्वतः आघाडीवर होती. वेधशाळेसमोरील उंच पालिका केंद्र हे नवी दिल्ली नगरपालिकेचे मुख्यालय आहे, कोणा लोभी बिल्डराचे कृत्य नव्हे. (ते चांगल्या आधुनिक वास्तुरचनेत गणले जाते, हेही सांगितले पाहिजे, उद्या कदाचित त्याच्या शेजाराचा प्रश्न उपस्थित होईल.)

शंभर मीटर हे अंतर न्यायाचे वाटते, कारण ते सर्वांना सारखे आहे. तपासून पाहता त्याच कारणाने ते अन्यायाचे ठरते. साडेतीन हजारांहून अधिक केंद्रसंरक्षित स्मारकांना एकच वर्तुळ. विजापूरच्या गोल घुमटाला जेवढे, तेवढेच दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातल्या कोसमिनाराला. वेधशाळेला शंभर मीटर पुरत नाहीत, कारण उंच इमारतीची तिरपी सावली त्याहून दूर पोहोचते. एखाद्या दाट वस्तीतल्या लहानशा कबरीला ते फार होतात, कारण तिला लागते ती फक्त कोरडी जमीन आणि धक्का न लागण्याची हमी. वास्तू काय सांगू पाहते आणि त्यासाठी तिला काय लागते, हा प्रश्नच कायद्याने विचारलेला नाही. त्याने फूटपट्टी हाती घेतली आणि अर्थाचा विचार सोडून दिला. परिणाम असा की, वजनदार संस्थांच्या इमारती वर्तुळ आखले जाण्यापूर्वीच उभ्या राहिल्या आणि वर्तुळ आखल्यावर त्यात सापडला तो मुलाच्या लग्नानंतर वर एक खोली चढवू पाहणारा कारागीर. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते. नव्या बांधकामाला, प्रतिबंधित क्षेत्रात, नाही. सर्वांच्या वारशाचे भाडे अशा रीतीने सर्वांत जवळचा माणूस भरतो.

ताजमहालाच्या प्रकरणात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला, आग्र्याच्या ओतशाळा कोळशावर चालत होत्या आणि पांढऱ्या संगमरवराच्या पिवळेपणाची चिंता वाढत गेली. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजभोवतीच्या १०,४०० चौरस किलोमीटरच्या समलंब चौकोनातील २९२ उद्योगांना नैसर्गिक वायूकडे वळण्याचा, अन्यथा स्थलांतर करण्याचा वा बंद होण्याचा आदेश दिला. इथे शेजार मीटरांत मोजलेला नव्हता. धूर कुठवर जातो यावरून मोजलेला होता, आणि म्हणून तो अधिक सत्य होता. न्यायालयाने कामगारांच्या वेतनाचाही विचार निर्णयात केला. तरीही निकालपत्रातली तरतूद आणि ओतशाळेत भट्टीपुढे उभा राहणारा माणूस यांच्यात जे अंतर उरते ते संगमरवराच्या शुभ्रतेने भरून निघत नाही. ताज वाचवायला हवा होता, यात संशय नाही. त्याची किंमत कोणी द्यायची हा प्रश्न मात्र त्या निश्चयाने सुटत नाही, आणि तो सुटला आहे असे समजणे ही सुसंस्कृत माणसांची जुनी खोड आहे.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप घेतला जातो: प्रत्येक जुनी वास्तू एकेकाळी नवीन होती आणि तिनेही कोणाचा तरी शेजार मोडला होता. हे खरे आहे. जंतरमंतर ज्या जयसिंगपुऱ्यात उभे राहिले तो पुरा, तसेच माधोगंज आणि राजा का बाजार, ही गावे नव्या राजधानीच्या कॅनॉट प्लेससाठी उठविण्यात आली. म्हणजे वेधशाळेचा पहिला शेजार गेला तो ब्रिटिशांच्या आखीव नगररचनेने, आणि त्या नगररचनेचा बुटका, मोकळा शेजार पुढे गेला तो स्वतंत्र भारतातील मजल्यांनी. कोणत्या शेजाराचे रक्षण करायचे? परंतु या आक्षेपातून निघतो तो निष्कर्ष आक्षेपकांना हवा तसा नाही. पूर्वी शेजार मोडले गेले म्हणून आज मोडण्याची मुभा मिळत नाही. उलट, जयसिंगपुऱ्यातून उठविलेल्या माणसांचे नाव स्मारकाच्या फलकावर का नाही, असा अवघड प्रश्न मात्र त्यातून उभा राहतो.

मराठीत ‘शेजारधर्म’ असा एक शब्द आहे. तो हक्काचा शब्द नाही आणि उपकाराचाही नाही. शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर आपले सांडपाणी जाऊ न देणे, त्याच्या घरी आजारपण असता आपल्याकडचे वाजप थांबविणे, एवढ्या साध्या गोष्टी त्यात येतात. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’च्या तिसऱ्या अधिकरणात घराच्या मोऱ्या आणि शेजाऱ्याची भिंत यांत किती अंतर असावे याचे नियम घातले, दंडही सांगितले, आणि वास्तूविषयीचे वाद शेजाऱ्यांच्या साक्षीने मिटवावेत असे म्हटले. साक्ष शेजाऱ्यांची, हे महत्त्वाचे. आजच्या व्यवस्थेत जुन्या वास्तूच्या वतीने अधिकारी बोलतात, नव्या बांधकामाच्या वतीने वकील बोलतात. वास्तूच्या सावलीत जन्म काढलेला माणूस फक्त अर्जदार असतो किंवा अतिक्रमण करणारा. शेजारधर्म दुहेरी असतो. वास्तूपासून नव्या इमारतीने दूर राहावे अशी अपेक्षा असेल, तर वास्तूच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या गळक्या छपराकडे पाहिले पाहिजे, त्याला नाकारलेल्या मजल्याचा मोबदला सर्वांच्या तिजोरीतून दिला पाहिजे. हे होत नाही तोवर स्मारकावरील प्रेम हा दुसऱ्याच्या अंगणात केलेला दानधर्म ठरतो, आणि अशा प्रेमाचा शेजाऱ्याला राग आला तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

जयसिंहाने पाच वेधशाळा उभारल्या: दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा. जयपूरची २०१० मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. दिल्लीची वरीलप्रमाणे. मथुरेची किल्ल्यावर होती. १८५७ पूर्वीच ती नाहीशी झाली, यंत्रांचा अवशेषही उरला नाही. तिथे आज कोणालाही शंभर मीटर मोजावे लागत नाहीत.